दोन ओव्हरींच्या मधे

“मॅडम, ह्यो माणूस जिता हाय का न्हाई, एवढंच त्या मशिनीला इचारून सांगा.”

मी जेवणाचा डबा हातात धरून व्हरांड्यात उभी होते. आमच्या प्रयोगशाळेत पाकिटं येतात, माणसं येत नाहीत. लाखेचं सील मारलेलं पाकीट घेऊन कोर्टाचा बेलीफ येतो, आम्ही सील तपासून पोच देतो, आणि तो समोरच्या टपरीवर चहाला जातो. त्या दिवशीही विट्याच्या बाजूचा बेलीफ आला, पोच घेतली, चहाला गेला. त्याच्या मागून आलेली बाई मात्र तिथंच थांबली. चाळिशीच्या आतबाहेरची, डोक्यावर पदर, कपाळाला बारीकसं कुंकू. इतकं बारीक, की लावलंय की पुसायचं राहिलंय, ते कळू नये.

“तुम्ही इथं थांबायचं नसतं,” मी म्हटलं. “आमचा अहवाल कोर्टात जाईल. तिथं कळेल तुम्हाला.”

“कोर्टात विंग्रजीत लिवत्यात. तुमच्या तोंडानं सांगा की.”

“आणि मशीन असं जिवंत-मेलेलं सांगत नाही. दोन आवाज एकाच माणसाचे असण्याची शक्यता जास्त की कमी, एवढंच सांगतं.”

ती जरा विचार करून म्हणाली, “म्हंजी आमच्या गावच्या देवऋष्यागत. शक्यता हाय म्हणायचं आन् नारळ ठिवून घ्यायचा.”

मला हसू आलं आणि तिथंच मी फसले. हसून झाल्यावर समोरच्याचं ऐकून घ्यावंच लागतं.

तिचं नाव शालन मोहिते. नवऱ्याचं अधिकराव. हा अधिकराव गावोगावच्या टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धांमधे माईकवरून समालोचन करायचा. सामना कुणाचाही असो, पत्रकावर अधिकरावचं नाव असलं की मैदान भरायचं म्हणे. एक दिवस माईक दुरुस्त करून आणतो म्हणून कोल्हापूरला गेला, तो माईकसकट गेला. मुलगी तेव्हा रांगत होती. पोलिसांनी शोधलं, घरच्यांनी शोधलं, देव झाले, देवऋषी झाले. बारा वर्षं उलटली.

“बारा वर्सं झाली की दर्भाचा पुतळा करून क्रिया करत्यात,” शालनताई म्हणाल्या. “भटजी म्हणालं, आता करून टाका. म्या कोर्टात बी अर्ज दिला, मयत म्हणून नोंदवा. किती दीस बेपत्ता लिवायचं? आन् तवाच ह्ये फोन याय लागलं.”

फोन तिच्या मोबाइलवर आले होते, वेगवेगळ्या नंबरांवरून. नंबर खोट्या नावांवर घेतलेले, पुढं बंद पडलेले. मोबाइलच्या दुकानदारानं आपोआप रेकॉर्डिंग होईल असं काहीतरी करून दिलं होतं म्हणून बोलणं राहिलं. सासऱ्यांना तिनं स्वतःच सांगितलं. सासरे कानानं अधू, त्यांना त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही, पण तेवढ्यावर म्हातारा कोर्टात उभा राहिला. माझा लेक जिता आहे, जित्या माणसाचा पुतळा जाळू देणार नाही. मग न्यायाधीशांनी आवाज आमच्याकडे पाठवले. एका पाकिटात ते फोन, दुसऱ्यात साउंडवाल्यानं जुन्या कॅसेटींवर उतरवलेलं अधिकरावचं समालोचन.

“तुम्ही ओळखला नाही का आवाज?” मी विचारलं. विचारायला नको होतं.

तिनं गळ्यातली पोत चाचपली. “मॅडम, गावाला त्येंचा आवाज पाठ हाय. मला इचाराल तर, घरात त्ये बोलायचंच न्हाईत. आलं, ताट वाढ म्हणालं, जेवलं, झोपलं. ओळखू कशावरनं?” मग म्हणाली, “माणूस मेला तर रडता येतंय. जिता आसला तर भांडता येतंय. मला दोन्ही येईना झालंय. ह्ये काढू का ठिवू, तेवढं सांगा, बास.”

मागून तांबोळी सर आले. आमच्या विभागाचे प्रमुख, निवृत्तीला टेकलेले, नियमाला घट्ट. त्यांनी फक्त घसा खाकरला. शालनताई पदर सावरून निघून गेल्या.

“हेमलताबाई,” सर म्हणाले, “पक्षकाराशी बोललं की कान बिघडतो.”

“मी फक्त ऐकत होते, सर.”

“तेच म्हणतोय.”

ते यंत्र, म्हणजे संगणकातली एक प्रणाली, आमच्याकडे नवीनच आलं होतं आणि आम्हा सगळ्यांना त्याचं नव्या सुनेसारखं कौतुक होतं. ते शब्द ऐकत नाही. घसा, टाळू, नाक यांच्यातून आवाज घुमून कसा बाहेर पडतो, ते मोजतं. मग शेकडो परक्या माणसांचे आवाज शेजारी ठेवून सांगतं, की हे दोन नमुने एकाच माणसाचे धरले तर जास्त पटतात, की वेगवेगळ्या माणसांचे धरले तर. पण त्याला आयतं ताट लागतं. आधी आम्ही बसून साफ करायचं. ज्याचा आवाज हवा तेवढा ठेवायचा, बाकीचं काढून ‘इतर’ नावाच्या फाइलीत टाकायचं. तांदूळ निवडावेत तसं ते काम, आणि निवडताना काढलेल्या खड्यांकडे पुन्हा कोण बघतं?

फोन साफ करताना मी ते पुष्कळदा ऐकले. पहिल्या फोनवर तो माणूस नुसतं “कोण बोलतंय?” म्हणतो, ती म्हणते, “शालन,” आणि बराच वेळ कुणीच बोलत नाही. मग “चुकून लागला.” दुसऱ्यात “तिकडं पाऊस झाला का?” एवढंच. तिसरा लांबलचक होता. तो म्हणाला, पशुखाद्याच्या कंपनीतून बोलतोय, माहिती हवी आहे.

“जनावरं किती?”

“एक म्हस, दोन शेरडं.”

“घरात माणसं किती?”

“तीन. मी, लेक आन् मामंजी.”

“मामंजींची तब्येत कशी हाय?”

“त्यास्नी पेंड खायला घालणार हाय का तुमची कंपनी?”

मी कामावर असल्याचं विसरून हसले. पलीकडे तोही हसला असावा. श्वास नाकातून सुटल्याचा आवाज होता. मग त्यानं विचारलं, “लेक कितवीला हाय?” आणि तिनं फोन ठेवला. मी तिचं सगळं बोलणं कापून ‘इतर’मधे टाकलं. मागची कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, कुणाचं तरी पोर, भांडी पडल्याचा आवाज, तेही सगळं त्यातच गेलं. राहिला तो एक हळू, जपून बोलणारा माणूस.

कॅसेटी साफ करणं मात्र मजेचं होतं. “फलंदाजानं बॅट फिरवली, चेंडूनं मान हलवली, आणि यष्टिरक्षक बिचारा घार बघतोय.” “चेंडू गेलाय उसात. पंचांनी तंबाखू मळून घ्यावी, गडी चेंडू शोधून येईस्तोवर सावकाश खावी.” आवाज असा, की कर्ण्यातून येऊन डोंगराला धडकून परत यावा. त्याचा खणखणीत, स्वच्छ भाग आम्ही निवडून घेतला. पुटपुटलेलं, अर्धवट, दुसऱ्याच्या आवाजात मिसळलेलं असं सगळं ‘इतर’मधे गेलं.

यंत्रानं उत्तर दिलं. वेगवेगळ्या माणसांचे आवाज असण्याकडे कल, आणि तोही चांगलाच.

“झालं,” तांबोळी सर म्हणाले. “उद्या लिहून टाका.”

त्या संध्याकाळी विश्रामचा फोन आला. विश्राम म्हणजे माझा नवरा, तेव्हा मालवाहू बोटीवर इंजिनिअर. आम्हा तांडेलांच्या घरात पुरुष पाण्यावर आणि बायका वाटेकडे डोळे लावून, ही पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी. मी शिकले, नोकरीला लागले, तरी वाटणी काही बदलली नाही. बोटीवरून फोन म्हणजे आरडाओरडा. मागं इंजिनांची घरघर, मधे उपग्रहाची फट, म्हणजे बोललेलं उशिरा पोचायचं. “ऐकू येतंय का? मी बोलतोय. बरी आहेस ना? ऐकू येतंय का?” एवढ्यात वेळ संपायचा. मला दोन नवरे आहेत असं वाटायचं. एक सुटीवर येऊन अंधारात कानाशी हळू बोलणारा आणि एक बोटीवरून ओरडणारा. मला पहिला हवा असायचा, वाट्याला यायचा दुसरा. फोन ठेवला की मी ओट्याला टेकून रडून घ्यायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही, आठवण आली की रडायला येतंच.

त्या दिवशीही रडून झालं, तोंड धुतलं, आणि टॉवेल हातात असतानाच डोक्यात आलं, की या ओरडणाऱ्या विश्रामचा नमुना घेऊन यंत्राला कुणी त्या दुसऱ्या विश्रामशेजारी बसवला, तर यंत्र काय म्हणेल?

“सर, आपण ओरडणारा माणूस आणि कुजबुजणारा माणूस शेजारी ठेवलेत,” सकाळी मी सरांना म्हटलं. “ओरडताना घसा ताणला जातो, जबडा उघडतो. यंत्राला तो परकाच वाटणार.”

“हे पुस्तकात आहे.”

“पुस्तकात आहे तर आपण वेगळा माणूस म्हणून का लिहायचं?”

सरांनी चष्मा काढला. “कारण त्याच्या हळू बोलण्याचा नमुना आपल्याकडे नाही. नसलेल्या गोष्टीशी तुलना करता येत नाही. फार तर मत देता येत नाही, एवढं लिहिता येईल.” मग म्हणाले, “तुम्हाला हे काल का सुचलं नाही?”

“काल संध्याकाळी नवरा ओरडला.”

“नशीबवान आहे,” सर म्हणाले. “आमच्याकडे उलटं आहे.”

पण त्यांनी मला मुदत दिली. मी ‘इतर’ उघडली. ज्यात आम्ही स्वतःच्या हातानं कचरा टाकला होता, तो कचरा मी पुन्हा निवडायला बसले. चहावाल्याच्या हाका, शिट्ट्या, माईकवर कुणीतरी मारलेल्या टिचक्या, देणगीदारांची नावं. आणि मग एका कॅसेटच्या मधोमध, दोन ओव्हरींच्या मधल्या वेळात, माईक बंद करायचं राहून गेलेलं. क्षेत्ररक्षक जागा बदलत असणार. मैदान लांब, पुसट. आणि अगदी जवळ दोन माणसं बोलतायत.

“जेवायला हितंच थांब की,” एक जण म्हणतो. “जिलेबी हाय.”

दुसरा हळू आवाजात म्हणतो, “न्हाई. म्हस व्यालीया. घरी खरवस केला आसंल.”

“मग? खरवस काय पळून जातोय?”

“तसं न्हवं. मी गेल्याबिगार ती तोंडात घालायची न्हाई. चुलीम्होरं बसून ऱ्हाती. आन् गेलो की म्हंती, म्या कवाच खाल्लं.”

पहिला हसतो.

“मला समदं कळतंय रं,” दुसरा म्हणतो. “तिच्याम्होरं बोलाय येत न्हाई, बास. हातात माईक आसला की तोंड चालतंय. तिच्याम्होरं गेलं की वाटतंय, काय बोलू? एवढी चांगली हाय ती.”

मग शिट्टी, आणि पुढची ओव्हर सुरू. मी कानांवरचे हेडफोन काढले आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. कुणाचा कुठला खरवस, कुणाची बायको, पण मी परत येऊन ते पुन्हा लावलं.

सरांना ऐकवलं. त्यांनी एकदाच ऐकलं आणि बोट वर केलं. “पुढची ओव्हर कोण बोलतोय?”

तीच अडचण होती. त्या स्पर्धेत दोन समालोचक होते, आलटून पालटून बोलणारे. पुढची ओव्हर अधिकरावची नव्हती, त्या दुसऱ्या समालोचकाच्या आवाजात होती. म्हणजे खरवसाचं बोलणारा माणूस अधिकराव असेल किंवा तो दुसरा असेल, आणि तो दुसरा कुणाला आता आठवतही नव्हता.

“आधी ओळख, मग मशीन,” सर म्हणाले. “ज्याच्या नावावर नमुना लावायचा, त्याच्या माणसानं पंचांसमोर सांगायला हवं, की हा त्याचाच आवाज. कोर्टाला कळवा. बायकोलाच बोलवा, अर्ज तिचा आहे.”

“सर, एकदा यंत्राला देऊन बघू? निदान आपल्याला कळेल.”

“आपल्याला कशाला कळायला हवं?”

मी फाइल यंत्राला दिली नाही. हात मात्र शिवशिवत होता.

शालनताई आल्या त्या सासऱ्यांना घेऊन. धोतर, पांढरा पटका, कानात यंत्र अडकवलेला काटक म्हातारा. त्याला व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. आत पंच म्हणून लेखा विभागातली दोन माणसं, सर आणि मी. सरांनी शालनताईंना समजावून सांगितलं. “दोन आवाज ऐकू येतील. जिलेबी म्हणतो तो नव्हे, त्याच्यानंतर बोलतो तो. तो आवाज तुमच्या नवऱ्याचा आहे का, हो किंवा नाही, एवढंच सांगायचं. हो म्हणालात तर आम्ही तो फोनवरच्या आवाजाशी ताडून बघू. नाही म्हणालात तर तो नमुना आम्हाला वापरता येणार नाही. मग उरलेल्यावर आम्ही मत देऊ शकत नाही, असं कोर्टाला कळवू. घाई नाही.”

“आन् कोर्ट काय करंल?”

“ते कोर्टाचं. पण फोनचा पुरावा उभा राहिला नाही, तर तुमचा अर्ज मंजूर व्हायला अडचण राहू नये.”

त्यांनी मान हलवली. मी हेडफोन त्यांच्या पदरावरून नीट बसवले आणि फाइल लावली.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पंच छताकडे बघत होते. ‘खरवस’ कुठं येतो ते मला पाठ होतं, आणि तिथं आल्यावर त्यांचे हात मांडीवर थांबले. मग त्या हळूच खाली वाकल्या, कुणी दुसरं ऐकू नये म्हणून वाकावं तशा. संपलं. त्यांनी मान वर न करता बोटानं खूण केली, पुन्हा. मी पुन्हा लावलं. त्यानंतर आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना त्यांचे ओठ हलत होते, त्या बरोबरीनं म्हणत होत्या. एवढ्यात पाठ झालं होतं.

मला वाटलं, झालं. ही बाई आता हो म्हणणार, मी यंत्राला फाइल देणार, आणि म्हाताऱ्याला मुलगा मिळणार. मला ते मनापासून हवं होतं. कुणाचा तरी माणूस परत येतो हे मला एकदा बघायचं होतं.

हेडफोन काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

“न्हाई,” त्या म्हणाल्या.

“नीट ऐकलंत?” सरांनी विचारलं.

“ऐकलं. ह्यो आवाज म्या आमच्या घरात कधी ऐकल्याला न्हाई.”

सरांनी तसं लिहून घेतलं, वाचून दाखवलं. शालनताईंनी सही केली, पंचांनी केली, पंच गेले. शालनताई दारात जाऊन सासऱ्यांच्या कानाशी वाकल्या. “मामंजी,” त्या मोठ्यानं म्हणाल्या, “त्यो त्येंचा न्हाई.” म्हाताऱ्यानं विचारलं, “न्हाई म्हंतीस?” त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्यानं कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं आणि भिंतीला डोकं टेकलं.

मी टेबल आवरायला लागले. कॅसेटी पाकिटात घातल्या. सरांनी सीलसाठी लाखेची कांडी काढली. तेवढ्यात त्या परत आत आल्या आणि माझ्याजवळ उभ्या राहिल्या.

“मॅडम, त्याची एक कॉपी मिळंल का?”

“कशाची?”

“आताच्या आवाजाची.”

सरांनी मान वर केली.

“जो आवाज तुमच्या माणसाचा नाही, त्याची कॉपी कशाला हवी?” मी विचारलं. माझा सूर जरा चढलाच असावा. मला राग आला होता. बाहेर तो म्हातारा डोळे मिटून बसला होता.

त्या खुर्चीत बसल्या. पदरानं आधी टेबलावरची धूळ पुसली, मग डोळे.

“तिसऱ्या फोनला मागं पोरगं हाका मारत हुतं,” त्या म्हणाल्या. “पप्पा, चला की, म्हणून. तुमी ऐकलंच आसंल.”

मी ऐकलं होतं. ऐकून, कापून, ‘इतर’मधे टाकलं होतं. तो शब्द मी कुणाशी जोडलाच नव्हता.

“म्हणजे तुम्ही फोनवर ओळखलंत.”

“पयल्याच फोनला. नुसता दम घेतला तरी कळतंय की. पर वाटलं, आपलंच मन खोटं बोलत आसंल. वाटलं, एवढी मोठी मशीन हाय, ती तरी न्हाई म्हणंल. तुमच्याकडं मी ‘न्हाई’ ऐकायला आल्ती, मॅडम. तुमी समजला उलटं.”

“मग हे,” मी कॅसेटकडे बोट दाखवलं.

“ह्ये मला ठावंच नव्हतं.” त्यांचा आवाज फुटला. “त्ये मला चांगली म्हणत हुते, ह्ये मला ठावंच नव्हतं. खरवस तर म्या रात रात राखून ठिवायची. वाटायचं, कळत न्हाई ह्या माणसाला. आन् कळत हुतं समदं. बारा वर्सं म्या डोकं आपटून घेतलं, माझं काय चुकलं म्हणून ह्यो माणूस उठून गेला.”

सर कांडी हातात धरून उभे होते.

“फोनवर बोलतोय त्यो तिकडं सुखानं ऱ्हाऊ दे,” शालनताई म्हणाल्या. “त्याला पोरगं हाय, त्याच्या कुकराच्या शिट्ट्या होत्यात. त्याला हुडकून आणून म्या काय करू? दारात बांधू? त्यो माझा न्हवं. माझा ह्यो. खरवसवाला. ह्यो मला ठिवू द्या आन् ह्याची क्रिया करू द्या. म्हंजी मला रडता तरी यील.”

“आणि मामंजी?”

“त्यास्नी बी रडू दे की. बारा वर्सं दाराकडं तोंड करून जेवत्यात. कुत्रं भुकलं तरी घास खाली ठिवत्यात. लेकानं दुसरं घर मांडलंय ह्ये सांगू त्यास्नी? त्यापरीस मेला म्हणू दे.” मग म्हणाल्या, “म्या पाप केलं आसंल तर माझं मी बगीन.”

मी सरांकडे पाहिलं. चाळीस वर्षं नियमानं वागलेला माणूस. त्यांना आता सगळं ठाऊक झालं होतं, आणि पंच निघून गेले होते, सह्या झाल्या होत्या. तिनं जे सांगितलं होतं, तेच कागदावर होतं. त्यांनी काडी ओढली, विझवली, आणि कांडी पुन्हा टेबलावर ठेवली.

“कॉपी देता येत नाही,” ते म्हणाले. “कोर्टाचा ऐवज आहे.”

“बरं,” शालनताई उठल्या.

“पण लाख ओली आहे,” सर माझ्याकडे न बघता म्हणाले. “या कांड्या नीट पेटत नाहीत. मी स्टोअरमधून दुसरी आणतो. शोधायला वेळ लागेल. सील होईपर्यंत पाकीट उघडंच असतं, हेमलताबाई.” आणि दार ओढून घेऊन गेले. लाख कधी ओली होत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मी हेडफोन पुन्हा शालनताईंच्या पदरावर बसवले. फाइल लावली, आणि ती संपली की पुन्हा सुरू होईल असं करून बाजूला झाले. शालनताई ऐकत राहिल्या. मधेच हसल्या. मधेच “व्हय” म्हणाल्या, कुणी समोर बसून विचारल्यासारखं. एकदा अगदी हळू म्हणाल्या, “म्या कवाच खाल्लं.” मी तोंड फिरवून कॅसेटींच्या पाकिटांवरची नावं वाचत बसले. एकही नाव वाचलं गेलं नाही.

सर आले तेव्हा शालनताईंनी स्वतःच हेडफोन काढून माझ्या हातात दिले. सरांनी काडी ओढली. लाख वितळली, लाल थेंब पाकिटावर पडला, सरांनी शिक्का दाबला. शालनताई तो थेंब थिजेपर्यंत बघत उभ्या राहिल्या. मग पोत डोक्यावरून काढली, मुठीत घेतली आणि बाहेर जाऊन सासऱ्यांना हाताला धरून उठवलं. व्हरांड्याच्या टोकाला म्हातारा थबकला, आणि मग दोघांचा रडण्याचा आवाज आत ऐकू आला. आमच्या इमारतीत पहिल्यांदाच कुणी न कापता, न निवडता रडलं असेल.

मत देता येत नाही, असा अहवाल गेला. अर्ज मंजूर झाल्याचं पुढं बेलीफाकडून कळलं. पुतळाही झाला म्हणे, सगळा गाव आला होता, कुणीतरी कर्ण्यावर जुनी कॅसेट लावली होती. फोन पुन्हा आला की नाही, ते मला कळलं नाही. त्या दोन फाइली मी शेजारी ठेवून यंत्राला कधीच विचारलं नाही. आता निवृत्त झाल्यावर तर विचारायचीही सोय नाही.

शालनताई गेल्या त्या दिवशी संध्याकाळी विश्रामचा फोन आला. बोट कुठल्याशा बंदराकडे निघाली होती. इंजिनं घरघरत होती.

“ऐकू येतंय का?” तो ओरडला. “मी बोलतोय. बरी आहेस ना?”

“हळू बोल,” मी म्हटलं.

“काय?”

“हळू बोल. घरी बोलतोस तसं.”

“हळू बोललो तर तुला ऐकू येणार नाही, हेमा.”

“नाही आलं तरी चालेल,” मी म्हटलं. “तू बोल.”

उपग्रहाची फट गेली. मग तो काहीतरी बोलायला लागला, हळू, बराच वेळ. इंजिनांच्या आवाजात त्यातला एक शब्दही मला कळला नाही. मी फोन कानाशी घट्ट धरला आणि वेळ संपेपर्यंत ऐकत राहिले.